एक जूनचे दोघे

अनोळखी नंबरवरून फोन आला की आमचे शेजारी आधी सदऱ्याचं वरचं बटण लावत. मग उभे राहत, घसा साफ करत आणि मोठ्या अदबीनं म्हणत, "आपलं चुकतंय, पण बोला." पलीकडून वसुलीवाली मुलगी तावातावानं सुरू होई. थकलेले हप्ते, दंड, कोर्ट, पोलीस, सगळं यथासांग होई. हे मध्ये एकदाही तोडत नसत. तिचं संपलं की पुन्हा "आपलं चुकतंय हां" एवढंच सांगत, फोन ठेवत, बटण काढत आणि खाली बसत.

मी एकदा त्यांना विचारलं, की मोटरसायकल तुमची नाही, कर्ज तुमचं नाही, मग ही बोलणी उभ्यानं कशाला ऐकता? ते म्हणाले, "त्या पोरीला पगार बोलायचाच मिळतो, ताई. मधी तोडली तर तिचा साहेब तिला बोलंल." आमच्या सदाशिव पेठेत असल्या फोनला काय उत्तर मिळालं असतं ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही पुण्याचे असाल तर तुम्हाला ते ठाऊकच आहे.

मी वाढले पेठेत, नोकरीही तिथल्याच शाळेत होती, पण घर हडपसरला, कारण शिक्षिकेच्या पगारात पेठेत फार तर एखादा जिना आला असता. ते आमच्या समोरच्या दारात भाड्यानं राहत. मूळचे तिथलेच, म्हणजे हडपसरच्या पलीकडच्या एका खेड्यातले. ते खेडं आता शोधूनही सापडत नाही, तिथे संगणकवाल्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. हे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळत. त्यांचं नाव मी सांगत नाही. लपवायचं आहे म्हणून नव्हे; नाव इतकं साधं होतं की तुमच्याही ओळखीत त्या नावाचा एखादा निघेल, आणि नेमकं तेच त्यांच्या मुळावर आलं.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणे. साखरेच्या आजारानं वहिनींची नजर हळूहळू जात जात पुरती गेली होती. पण त्यांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्याला हे कळत नसे. त्या भिंतीला हात न लावता स्वयंपाकघरात जात, गॅस पेटवत, चहा गाळत आणि कप बरोबर पाहुण्याच्या पुढ्यात ठेवत. न्हाणीघराजवळची उचललेली फरशी त्यांच्या पायाला पाठ होती. माझं घर त्यांच्या घरासारखंच, फक्त उलटं, त्यांचं डावं ते माझं उजवं. एकदा त्या हळदीकुंकवाला माझ्याकडे आल्या आणि स्वतःच्या घरात वळावं तशा वळल्या. चौकट कपाळाला लागली आणि रक्त आलं. त्या हसल्या, पण त्यानंतर माझ्याकडे कधी आल्या नाहीत. मीच जायची.

अशात त्यांचा घरमालक, जो अमेरिकेत संगणकावर काहीतरी करत असे, त्यानं फ्लॅट विकायचं ठरवलं. माणूस वाईट नव्हता. तुम्ही घेत असाल तर दिवाळीपर्यंत थांबतो, असं त्यानं कळवलं. त्यांच्याजवळ थोडे पैसे साठवलेले होते, बाकीचं कर्ज काढावं लागणार होतं. मी सहज म्हणून गेले, की नाहीच जमलं तर दुसरं भाड्याचं घर बघता येईल. त्यांनी जिन्याच्या कठड्यावर हात टेकला.

"घर बदललं तर ती दुसऱ्यांदा आंधळी व्हईल," ते म्हणाले.

बँकेतून ते परत आले ते एका आकड्यासकट. तिथल्या मुलानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला होता, "सर, तुमचा स्कोअर खूप लो आहे." नऊशेपैकी साडेपाचशे. यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्या मुलाला म्हणाले, "म्हणजे फर्स्टक्लासच की." मी शिक्षिका असल्यामुळे मलाही ते पटलं. पण या परीक्षेत फर्स्टक्लासला नापास म्हणतात असं कळलं.

मग माझ्या मुलाच्या संगणकावर आम्ही त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला. आपण कुठून कर्ज घेतलं आणि ते कसं फेडलं याची टिपणं ठेवणारी एक कंपनी असते. आपण तिला कधी पाहिलेलं नसतं, पण ती आपल्याला पाहत असते. वर यांचं एकच कर्ज होतं, कंपनीच्या सोसायटीचं, वेळेवर फिटलेलं. खाली मात्र जिच्यासाठी ते फोन येत ती मोटरसायकल, एक टीव्ही आणि एक रोख कर्ज. सुरुवातीला सगळे हप्ते भरलेले आणि मग एकाएकी कशाचाच भरलेला नाही. यांना सायकलच्या पुढे काही चालवता येत नव्हतं. नाव मात्र यांचंच होतं. आडनाव तेच, वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर होतं तेही तेच, आणि जन्मतारीख एक जून, सालही तेच.

एक जून म्हटल्यावर काय झालं असणार ते माझ्या लगेच लक्षात आलं. त्यांच्या वेळी खेड्यात मूल शाळेत घालायला आणलं की हेडमास्तर जन्मतारीख विचारत. आई सांगे, भाताच्या लावणीत झाला, किंवा थोरल्या चुलत्याच्या लग्नाच्या साली. हेडमास्तर मान हलवत आणि एक जून लिहून टाकत, म्हणजे शाळा उघडताना पोर वयात बसे. अशी एका पिढीची निम्मी खेडी एकाच दिवशी जन्मली आहेत. वहिनींचीही एक जूनच. मास्तरांनी पोरांच्या भल्यासाठीच केलं होतं. पुढे एखादं यंत्र नाव आणि तारीख जुळवून दोन माणसांचा एक माणूस करील, हे त्यांना कुठून सुचणार?

मी त्या टिपणवाल्या कंपनीकडे तक्रार लिहिली. ही खाती माझी नाहीत, असा पर्याय होता, त्याच्यावर खूण केली. महिन्याभरानं उत्तर आलं, की कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारलं, ती म्हणते नोंद बरोबर आहे. म्हणजे ज्यानं घोळ घातला त्यालाच विचारलं होतं, की बाबा रे, तू घोळ घातलास का. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. शेवटी आम्ही त्या फायनान्स कंपनीच्या ऑफिसात गेलो. टाय लावलेल्या मुलानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, की कर्ज देताना पॅन नंबर घेतलेला नाही, तेव्हा तुम्ही ते नाही याचं प्रूफ आणा.

"मी मी हाय याची कागदं हायत," हे म्हणाले. "मी तो न्हाई असा कागद कोण देतं?"

त्या मुलाला वाईट वाटलं असावं. तो आवाज खाली आणून म्हणाला, की त्या माणसानं स्वतः लिहून दिलं, पॅनची प्रत जोडली, तर वेगळं करता येईल.

आता तो माणूस शोधायचा होता. पण तो त्यांच्या घरात आधीच येऊन राहिला होता, असं म्हणायला हरकत नाही. ते त्याला "आमचे दुसरे" म्हणत. आधी रागानं म्हणत, मग नुसतं म्हणायला लागले. रिपोर्टातल्या महिन्यांच्या रांगा ते बोट ठेवून वाचत. बघा ताई, माणूस सरळ होता, दोन वर्षं एक हप्ता चुकला न्हाई, मग काय झालं असंल? नोकरी गेली असंल. आजारी पडला असंल. बसच्या रांगेत ते आपल्या वयाच्या माणसांच्या तोंडाकडे निरखून पाहत. दवाखान्यात कंपाउंडरनं नाव पुकारलं तर आधी थांबत, दुसरं कोणी उठतंय का ते पाहत. कोणी उठलं नाही की थोडे निराश होऊन आत जात.

पुढेपुढे मला त्यांची काळजी वाटायला लागली. एकदा ते म्हणाले, "कधी कधी वाटतं, मीच घेतली असंल गाडी आन् इसरलो." हे ते हसून म्हणाले असते तर बरं झालं असतं. वहिनींनी तर मला हळूच सांगितलं, की दुपारी हे कामावर गेल्यावरही घरात माणूस बसल्यासारखं वाटतं. बोलत नाही, त्रास देत नाही, नुसतं बसलेलं असतं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, पण त्या दुपारी त्यांच्याकडच्या रिकाम्या खुर्चीवर मी बसले नाही.

रिपोर्टात त्या माणसाचा पत्ता होता, खडकवासल्याकडचा. दिवाळी जवळ आली तेव्हा एका रविवारी आम्ही दोघं बसनं निघालो. मजकूर मी टाइप करून घेतला होता, त्यांना फक्त सही घ्यायची होती. कालव्याच्या कडेनं चाळीसारख्या खोल्या होत्या. दार एका उंच, हडकुळ्या माणसानं उघडलं. मी नाव घेऊन विचारलं, इथेच राहतात का?

"न्हाई. ते गावाकडं गेले, म्हैना झाला," तो म्हणाला. चांगलं सरावाचं उत्तर होतं.

मी म्हटलं, मग आपण कोण? त्यावर मात्र त्याला चटकन दुसरं नाव सुचेना. तो चौकट धरून उभा राहिला. तेव्हा हे पुढे झाले.

"घाबरू नका," ते म्हणाले. "माझंबी तेच नाव हाय."

यांनी विचारलं, जन्मतारीख एक जून का? तो म्हणाला, ती शाळेतली, खरी आईलाच ठाऊक नव्हती. हे म्हणाले, माझीही तशीच. मग ते दोघं एकदम हसायला लागले, एका नावाला कंटाळलेली दोन माणसं, समोरासमोर.

आत चहा झाला. तो संगणक कंपन्यांच्या माणसांना गाडीतून ने-आण करायचा. एका अपघातात पायाचं हाड मोडलं, आत सळई बसवली, नोकरी गेली. मोटरसायकल कंपनीवाले उचलून घेऊन गेले. फोन इतके यायला लागले की त्यानं नंबर बंद केला. "आन् काय नवल, ताई, त्यानंतर सगळं गप झालं," तो सांगत होता. "वाटलं, इसरले आपल्याला. वर्ष झालं. पोरीची धावीची परीक्षा शांततेत झाली."

त्याचे फोन गप्प का झाले होते ते मला कळलं आणि यांनाही कळलं. जुना नंबर बंद झाल्यावर कंपनीनं रिपोर्टावरून नवा शोधला होता आणि तो यांचा निघाला होता. त्या घरातलं वर्षभराचं मौन यांनी उभ्यानं फोन ऐकून दिलेलं होतं. यांचा हात कागदासाठी पिशवीत गेला होता, तो तसाच रिकामा बाहेर आला. ते उठले. चहा छान झाला, म्हणाले. तो माणूस म्हणाला, अहो, पण एवढ्या लांब आला होता कशासाठी?

"तुम्हाला बघायला," हे म्हणाले.

मला राहवलं नाही. मी पेठेतली आहे, मला वेळेवर गप्प बसता येत नाही. मी त्या माणसाला सगळं सांगितलं. फोनचं, बँकेचं, दिवाळीचं, आणि वहिनी घरात कशा चालतात ते. हे खाली मान घालून, नको ताई, नको ताई, करत होते. त्या माणसानं ऐकून घेतलं, पाय ओढत फळीपाशी गेला, पॅनचं कार्ड काढलं आणि म्हणाला, "द्या तो कागद." त्यानं सही केली. "वाजू द्यात फोन," तो म्हणाला. "नाव माझंबी हायच की."

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले होते. स्वारगेट आल्यावर म्हणाले, "त्याच्या घरात आता फोन वाजंल, ताई," आणि रडले. माझ्या मनात आलं, की आपण हे बरोबर केलं का. पण वहिनींचं कपाळ आठवलं आणि मी तो विचार बाजूला केला.

नोंदी वेगळ्या झाल्या. स्कोअर वर गेला आणि या परीक्षेत ते एकदाचे पास झाले. वय पाहून बँकेनं मुदत कमी दिली, वर कर्जाबरोबर विमा घ्यायला लावला. विम्याचा खर्च कशाला, म्हणून ते पुष्कळ कुरकुरले. पण घर झालं. ज्या दिवशी कागद झाले त्या दिवशी वहिनी घरभर एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, की आता ही उचललेली फरशी बसवू नका, ती माझी खूण आहे.

त्या दुसऱ्याला यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. त्याच्याबरोबर फायनान्स कंपनीत जाऊन त्या टायवाल्या मुलापुढे बसून हप्ते त्याला झेपतील एवढे करून घेतले. त्याला एका सोसायटीत बसून करायची राखणदारी मिळाली. दर एक जूनला तो हडपसरला येई. बेल वाजली आणि वहिनींनी कोण म्हणून विचारलं की बाहेरून "दुसरा आलाय" असं उत्तर येई. मग खऱ्या वाढदिवसाचा पत्ता नसलेले ते दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन वाढदिवसाची मिसळ खात. वहिनींसाठी बांधून आणत. तिचाबी आजच हाय, म्हणत. दुपारी घरात कोणी बसल्यासारखं आता वाटत नाही, असं वहिनींनी मला त्याच सुमाराला सांगितलं. सांगताना त्या जरा हिरमुसल्यासारख्या वाटल्या.

घर घेऊन चार वर्षंही झाली नव्हती. एका दुपारी कंपनीतच यांच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं. ज्याच्यावरून ते कुरकुरले होते त्या विम्यानं उरलेलं कर्ज फेडलं. घर वहिनींचं राहिलं. मी रोज संध्याकाळी जाऊन बसे. त्या बिनचूक चहा करून आणत. सांत्वनाला आलेले लोक बाहेर पडताना माझ्या कानाशी म्हणत, की यांना दिसत नाही असं वाटतच नाही. कधी कधी त्या बोलता बोलता थांबत आणि नवऱ्याच्या खुर्चीकडे तोंड करून बसत. मला तो माणूस हवा होता, अगदी समोरच्या दारात, बटण लावताना. अजूनही हवा आहे.

चारएक महिने गेले. मी वहिनींच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होते आणि बेल वाजली. वहिनी दाराशी गेल्या. "कोण हाय?"

बाहेर कुणी बोललं नाही. वहिनींनी पुन्हा विचारलं. मग बाहेरच्या माणसानं नाव सांगितलं, नाव आणि आडनाव, स्पष्ट. वहिनींचा हात कडीवर तसाच राहिला. तो एरवी स्वतःला दुसरा म्हणायचा, पण आता दुसरा म्हणायला पहिला कुठे होता? मग वहिनींनी कडी काढली आणि म्हणाल्या, "या."

तो खुर्चीवर बसला नाही, खाली सतरंजीवर बसला. कंपनीचे त्याला येणारे फोन पुन्हा बंद झाले होते. हप्ता भरायला गेला तर कंपनीनं घेतला नाही. हा खातेदार मयत आहे, म्हणाले, खातं बंद झालंय. मी लॅपटॉप आणून त्याचा रिपोर्ट काढला. खरंच तसं होतं. यांच्या मृत्यूची खबर कुठल्यातरी यंत्रात गेली होती, त्यानं नाव पाहिलं, एक जून पाहिलं आणि त्या दोघांना पुन्हा एक करून टाकलं.

मी म्हटलं, तुम्हाला काही कुणी विचारत नाहीये, मग राहू द्या की. माझ्या दृष्टीनं तो फायद्याचाच सल्ला होता.

"त्यांच्या मरणावर माझं भागवू व्हय, ताई?" तो म्हणाला. "एक वर्ष त्यांनी माझं ऐकून घेतलं. आता गेल्यावरबी तेच झाकणार? तुम्ही तक्रार लिहा."

मी रकाना उघडला. नाव लिहिलं. चुकीचं काय आहे ते थोडक्यात लिहा, असं खाली होतं. मला पुढे काही सुचेना. ते गेले हे खोटं आहे असं त्या रकान्यात लिहायचं होतं, आणि त्याच नावाखाली लिहायचं होतं.

वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही.

"लिहा, ताई," त्या म्हणाल्या. "ह्या नावाचा माणूस जित्ता हाय."